मोहरीएवढी मादी

त्या कोळ्याची पहिली मादी सापडली तेव्हा ती मला दिसलीच नव्हती. ऑक्टोबर संपत आला होता. नॉर्थ कॅरोलायनाच्या पश्चिमेकडच्या डोंगरात, सहा हजार फुटांच्या वर, मी गुडघे टेकून ओलं शेवाळ चाळत होते. खाली पांढरं कापड, हातात चाळण. खाली पडलेला भुगा पिशवीत भरून घरी आणला, गराजमध्ये मोठ्या नरसाळ्यात ओतला आणि वर चाळीस वॅटचा दिवा लावला. दिव्याच्या उष्णतेनं भुगा वरून वाळत जातो, त्यातले जीव ओलाव्याच्या शोधात खाली सरकतात आणि शेवटी नरसाळ्याच्या तोंडातून अल्कोहोलच्या बाटलीत पडतात. चार दिवसांनी बाटली बंद केली, आत तारीख-ठिकाणाची चिठ्ठी टाकली आणि फळीवर ठेवून दिली. ती मादी त्यात होती. आमची भेट झाली फेब्रुवारीत.

मी मूळची कोल्हापूरची, प्राणीशास्त्रात एमएस्सी. लग्न होऊन इकडे आले ती नवऱ्याच्या व्हिसावर, म्हणजे पगाराचं काम करायला मनाई. घरात बसून डोकं फिरायची वेळ आली तेव्हा एका विद्यापीठाच्या संग्रहात फुकट काम करायला जाऊ लागले. तिथं कोळ्यांचं कपाट सांभाळणारे एक निवृत्त प्राध्यापक होते, सत्तरी ओलांडलेले. इथले विद्यार्थी त्यांना सरळ नावानं हाक मारतात. मला ते आजही जमत नाही, मी ‘सर’च म्हणते. पहिल्या दिवशी त्यांनी माझ्यासमोर एक बशी ठेवली आणि म्हणाले, “यातले कोळी वेगळे काढ, मग कुळांप्रमाणे लाव.” बशीत माइट, शेपूट उडवून उड्या मारणारे कोलेम्बोला, मुंग्या, कचरा आणि त्यात विखुरलेले तपकिरी ठिपके. त्या ठिपक्यांमध्ये माझी पुढची तीन वर्षं गेली.

आईला फोनवर सांगितलं, कोळ्यांवर काम करते. तिला आधी वाटलं मासेमारी. नीट सांगितल्यावर म्हणाली, “अगं, इथं मी दिवाळीला केरसुणी बांबूला बांधून जळमटं काढते, आणि तू तिथं ती गोळा करतेस?”

ज्या कुळात मी अडकले त्याचं नाव लिनीफीइडी, म्हणजे चादरीसारखं जाळं विणणारे कोळी. जगात यांच्या साडेचार हजारांहून जास्त प्रजाती आहेत. उड्या मारणाऱ्या कोळ्यांखालोखाल हेच सगळ्यांत मोठं कुळ. मेक्सिकोच्या उत्तरेकडच्या उत्तर अमेरिकेतच नऊशेच्या आसपास. आपल्याकडे पाऊस ओसरताना गवतावर दव पडलं की हिप्पासा नावाच्या कोळ्याची चादर दिसते, एका बाजूला नरसाळं असलेली. तो कोळी नरसाळ्यात दबा धरून बसतो आणि चादरीच्या वरून धावत येतो. लिनीफीइडी नेमकं उलटं करतात. ते चादरीच्या खाली पाठ जमिनीकडे करून लटकतात आणि वर पडलेल्या किड्याला खालूनच, जाळ्यातून चावतात. फ्रॉन्टिनेला नावाचा यांच्यातला एक मोठा भाऊबंद झुडपांत वाटीच्या आकाराचं जाळं करतो, त्याच्याखाली आणखी एक आडवी चादर ताणतो आणि स्वतः वाटीच्या बुडाखाली उलटा टांगून राहतो. ते जाळं दवात पाहिलं की मी अजूनही गाडी थांबवायला लावते.

माझे कोळी मात्र असे देखणे नव्हेत. एरिगोनिनी या उपकुळातले बुटके, एक ते तीन मिलिमीटर. पाल्यापाचोळ्याच्या फटीत बोटाच्या पेराएवढी चादर, तीही चाळताना मोडून जाते. रंग नाही, नक्षी नाही. नुसत्या डोळ्यांना सगळे एकसारखे. त्यात निम्मेअधिक पिल्लं, आणि पिल्लांची प्रजाती रचनेवरून ओळखताच येत नाही. ओळख पटते ती फक्त जननेंद्रियांवरून, आणि ती वयात आल्यावरच तयार होतात. नराच्या तोंडाजवळ पायासारखे दोन आखूड अवयव असतात, पाल्प म्हणतात त्यांना. नर वयात आला की त्यांची टोकं बॉक्सरच्या हातमोज्यासारखी फुगतात आणि त्या फुग्यात आकडे, पाती, गुंडाळी असं एक अख्खं यंत्र बसलेलं असतं. मादीच्या पोटाखाली एपिजाइन नावाची गडद तबकडी असते आणि त्वचेतून आतल्या शुक्रपिशव्या दोन काळ्या मण्यांसारख्या झिरपून दिसतात. या दोन गोष्टी सोडल्या तर बाकी सगळं साधारण सारखंच.

फेब्रुवारीतल्या त्या बशीत एकाच ठिकाणच्या चार माद्या निघाल्या. पायांवरचे काटे मोजले: पहिल्या दोन पायांच्या नळीवर दोन-दोन, मागच्या दोन्हींवर एक-एक. चौथ्या पायाच्या पुढच्या सांध्यावर तो एकुलता एक नाजूक संवेदी केस होता. हे सगळं जुळवत गेलं की वॉल्केनेरिया या वंशापर्यंत पोचता येतं. १८३३ मध्ये इंग्रज अभ्यासक ब्लॅकवॉल यांनी हा वंश सांगितला आणि त्याला फ्रेंच अभ्यासक वॉल्केनेर यांचं नाव दिलं. उत्तर अमेरिकेतल्या या वंशाची झाडाझडती मिलिज या ब्रिटिश अभ्यासकानं १९८३ मध्ये घेतली, जवळजवळ शंभर पानांची. मी त्यातली मादीची प्रत्येक आकृती माझ्या माद्यांशी ताडून पाहिली. एकही जुळेना.

त्या रात्री मला झोप लागली नाही. नवी प्रजाती! मी कुपीत पेन्सिलनं देवनागरीत एक चिठ्ठी टाकली: ‘मोहरी’. मादीचा आकार तेवढाच होता, रंगही. मनात नावसुद्धा ठरलं. शास्त्रीय नाव लॅटिनच हवं असा नियम नाही, लिपी तेवढी रोमन लागते. वंशाचं नाव स्त्रीलिंगी असलं तर विशेषण स्त्रीलिंगी करावं लागतं, पण ‘मोहरी’ हे नाम, आणि नाम जोडलं तर ते तसंच राहतं. हे सगळं मी नियमावलीत शोधून ठेवलं होतं. आधी कोळी नीट पाहायचं सोडून आधी व्याकरण पाहिलं, हे आता हसायला येतं.

सरांना दाखवलं. त्यांनी माझा मापांचा कागद वाचला आणि विचारलं, “शिरोवक्ष ०.६८ मिलिमीटर? इतकी लहान?” मी म्हटलं, हो. त्यांनी सूक्ष्मदर्शकाचं बटण पाहिलं. भिंगातल्या पट्टीचा एक भाग किती मिलिमीटरचा, हे झूमवर अवलंबून असतं. मी मापं चाळीसपट झूमवर घेतली होती आणि गुणाकार पन्नासपटीच्या आकड्यानं केला होता. म्हणजे माझी मोहरी वीस टक्के आकसली होती. खरं माप ०.८५. चार माद्यांचे आठ-आठ पाय, प्रत्येक पायाचे सगळे सांधे, डोळ्यांमधली अंतरं, सगळं पुन्हा. संवेदी केस सांध्याच्या लांबीच्या कितव्या भागावर आहे, हे मात्र गुणोत्तर असल्यामुळे वाचलं. शनिवार-रविवार त्यात गेले आणि नवऱ्यानं दोन दिवस पिठलं-भात केला.

मग सर म्हणाले, “माद्या जुळत नाहीत, ठीक. पण यादीत फक्त नरच माहीत असलेल्या प्रजाती किती आहेत, मोजल्यास?”

मी मोजल्या नव्हत्या. मोजल्या तेव्हा एका हाताच्या बोटांवर मावेनात. कुणीतरी कधीतरी एक नर पकडला, वर्णन छापलं, मादी कुणालाच मिळाली नाही, आणि प्रजाती अर्धीच राहिली. माझी मोहरी त्यांतल्या कुणाचीही बायको असू शकत होती. तिच्यावर नवं नाव ठेवलं असतं तर एकाच प्राण्याला दोन नावं झाली असती आणि पुढे कुणाला तरी माझं नाव खोडत बसावं लागलं असतं. लिनीफीइडींच्या इतिहासात असली खोडलेली नावं पुष्कळ आहेत.

म्हणजे नर हवा होता. आणि या वंशातले बरेचसे कोळी वयात येतात ते थंडीच्या तोंडावर. थांबण्याशिवाय इलाज नव्हता.

मधल्या महिन्यांत मी एपिजाइन सोडवायला शिकले. काडीला बांधलेली बारीक कीटकसुई, सोनाराकडे शोभतील असे चिमटे, आणि श्वास रोखून धरायची सवय. तबकडी कापून काढायची आणि आतल्या नळ्या दिसाव्यात म्हणून पारदर्शक करायची. त्यासाठी वेगवेगळे द्राव आहेत, पण सरांचा भरवसा लवंगेच्या तेलावर. बाटली उघडली आणि मी थेट आजीच्या खोलीत पोचले, दाढ दुखली की कापसाचा बोळा घेऊन ती यायची तशी. सरांना सांगितलं. त्यांना वाटत होतं की हे तेल सूक्ष्मदर्शकवाल्यांसाठीच बनवतात.

आणखी एक युक्ती इथली: नमुना हवा त्या कोनात उभा राहावा म्हणून बशीत बारीक पांढरी वाळू टाकतात, किंवा हात धुवायचं सॅनिटायझरचं जेल वापरतात. जेलमध्ये कोळी ठेवाल तसा स्थिर राहतो आणि नंतर अल्कोहोलमध्ये धुऊन निघतो. करोनाच्या सुरुवातीला जेल बाजारातून नाहीसं झालं तेव्हा आमच्याकडे एक शिल्लक बाटली होती, कुलपात. तिच्यावर सरांनी लिहिलं होतं, ‘फक्त कोळ्यांसाठी’.

चित्र काढणं हा सगळ्यांत लांबलेला भाग. आता फोटो एकावर एक रचून अख्खा अवयव स्पष्ट करता येतो, मग चित्र कशाला, असं मलाही वाटायचं. पण सूक्ष्मदर्शकाला आरशाची नळी जोडून कागदावर रेघ ओढायला लागलं की प्रत्येक रेघेला उत्तर द्यावं लागतं. ही कड वरची की आतली? ही घडी आहे की सावली? माझ्या पहिल्या चित्रात नळी शुक्रपिशवीला बाहेरून वळसा घालते. चौथ्या चित्रात ती आतून जाते. प्राणी तोच. मध्ये फक्त मी तबकडी उलटी करून पाहिली होती.

पुढच्या ऑक्टोबरात पुन्हा त्याच उताराला गेलो. ते जंगल फ्रेझर फर आणि लाल स्प्रूसचं. १९५० च्या दशकात युरोपातला एक पिटुकला रसशोषक किडा इथं पोचला आणि त्यानं मोठी फरची झाडं उभ्या उभ्या वाळवली. राखाडी सांगाडे अजून दिसतात. सावली गेली की शेवाळ सुकतं, आणि शेवाळ सुकलं की त्यातलं सगळंच जातं. याच भागातल्या मिचेल पर्वतावरून, मिसिसिपीच्या पूर्वेचं ते सर्वांत उंच शिखर, क्रॉस्बी आणि बिशप या अभ्यासकांच्या जोडीनं १९२५ मध्ये शेवाळातला एक इवलासा कोळी वर्णिला होता, मायक्रोहेक्झुरा मॉन्टिवागा. तो वेगळ्याच गोतावळ्यातला, टॅरँटुलांच्या दूरच्या नात्यातला. १९९५ पासून तो अमेरिकेच्या संकटग्रस्त यादीत आहे. त्यामुळे त्या पट्ट्यात शेवाळाला हात लावायचा तर परवाना लागतो, आणि चाळून झाल्यावर शेवाळाचा थर होता तसा दाबून बसवायचा. या जोडीनं माझ्या बुटक्या कोळ्यांवरही डोंगराएवढं काम करून ठेवलंय. बिशप तर कोळ्यांइतकेच सॅलॅमँडरांसाठी ओळखले जातात. एकाच शेवाळातून माणूस दोन्ही काढत असणार, असं मला उगाच वाटतं.

तीन दिवसांत सहा पिशव्या. नरसाळ्याखालच्या बाटल्यांत पुन्हा माद्या, पुन्हा पिल्लं. पाचव्या बाटलीत नर. भिंगाखाली आधी दिसलं ते डोकं: डोळ्यांच्या मध्ये वर आलेला, केसाळ टोकाचा एक उंचवटा. या उपकुळातल्या नरांची डोकी म्हणजे वेड लागलेल्या कुंभाराचं काम. युरोपातल्या वॉल्केनेरिया अक्युमिनाटाच्या नराचे डोळे तर डोक्यावरच्या उंच दांड्यावर बसलेले असतात. हे शोभेसाठी नाही. ईडोथोरॅक्स या दुसऱ्या वंशावर जर्मनीत झालेल्या प्रयोगांत दिसलं की नराच्या डोक्यावरच्या खाचांतून एक स्राव येतो आणि मीलनाच्या वेळी मादी तिथं तोंड लावून बसते. नवरदेवानं आहेर डोक्यावर घेऊन यावा, तसं.

पण एकाच चाळणीत सापडले म्हणून ते नवरा-बायको ठरत नाहीत. त्याच भुग्यात या वंशाच्या आणखी दोन प्रजाती होत्या. म्हणून नराचा एक पाय आणि मादीचा एक पाय डीएनएसाठी पाठवला. प्राण्यांच्या ओळखीसाठी वापरतात तो ६५८ अक्षरांचा तुकडा वाचून आला: दोघांत एकाही अक्षराचा फरक नाही. बाकीच्या दोन प्रजाती मात्र स्पष्ट वेगळ्या. नर मोहरीचाच.

आता नराला मिलिजच्या आकृत्यांशी लावलं, आणि एका प्रजातीपाशी पोटात गोळा आला. नव्वद वर्षांपूर्वीची प्रजाती, फक्त नर माहीत. जगभरच्या कोळ्यांची यादी स्वित्झर्लंडमधल्या बर्नच्या संग्रहालयातून चालते. नोंदणी केली की तिथं जुने शोधलेखही वाचायला मिळतात, आणि माझ्यासारख्या बिनपगारीला हे केवढं मोठं दान आहे ते सांगता येत नाही. तिथं मूळ वर्णन काढलं. त्या काळच्या रिवाजाप्रमाणे अर्धं पान आणि दोन चित्रं. डोक्याचा उंचवटा जुळत होता. पाल्पच्या नळीवरचा काटा जुळत होता आणि नव्हताही. मी पाल्प पाच-सहा अंश फिरवला की तो काटा सरळ दिसे, परत फिरवला की वाकडा. चित्रकारानं कुठल्या कोनातून पाहिलं होतं, हे कागद सांगेना.

अशा वेळी शेवटचा शब्द होलोटाइपचा, म्हणजे ज्या एका नमुन्याला नाव चिकटवलं आहे त्याचा. तो एका मोठ्या संग्रहालयात होता. माझ्या पहिल्या दोन ईमेलना उत्तरच आलं नाही, तिसरीला सहा महिन्यांनी आलं: टपालानं पाठवत नाही, येऊन पाहा. गेलो. नवऱ्यानं शहर पाहिलं, मी एक कुपी पाहिली.

मोठ्या बरणीत छोटी काचेची नळी, तोंडाला कापूस, आत लाल कड असलेली चिठ्ठी आणि शाईतलं बारीक अक्षर. कोळी रंग उडून फिकट पिवळा झालेला. डावा पाल्प आधीच सुटा करून आणखी छोट्या नळीत ठेवलेला. आमच्यात चित्र डाव्याचंच काढतात, म्हणून बहुतेक जुन्या नमुन्यांना डावा पाल्प जागेवर नसतो. चिमट्यानं तो उचलताना माझ्या हाताला घाम फुटला होता. जगात असा एकच. वाळूत बसवला, माझा नर शेजारच्या बशीत. फिरवत फिरवत त्या जुन्या चित्राच्या कोनावर आणला, आणि काटा त्याच जागी, तितकाच वाकला. मग माझा फिरवला. तोही.

मी बराच वेळ दोन्ही बशा आळीपाळीनं पाहत राहिले. काहीतरी वेगळं सापडेल असं अजून वाटत होतं. नाही सापडलं.

म्हणजे मोहरी नवी नव्हती. तिचं नाव माझ्या आजीच्या लहानपणीच ठरलं होतं, फक्त तिला कुणी पाहिलं नव्हतं. परतीच्या प्रवासात मी रडले, खोटं कशाला सांगू. सरांना फोन केला तर ते खूश. म्हणाले, नवी प्रजाती तर कुणीही टाकून जातं, जुन्या गाठी सोडवायला माणूस मिळत नाही. मला ते तेव्हा अजिबात पटलं नाही.

लेख लिहायला घेतला तेव्हा थोडं पटलं. नवी प्रजाती असती तर होलोटाइप ठरवा, तो कुठं ठेवला ते लिहा, ऑनलाइन नियतकालिक असेल तर झूबँक या प्राण्यांच्या नावांच्या नोंदवहीत नोंद करा, असे सोपस्कार. इथं ते नव्हते, पण त्याऐवजी नराचं वर्णन नव्यानं, मादीचं पहिल्यांदाच, आणि दोघं एकच आहेत याचा पुरावा, असं तिहेरी काम. शास्त्रीय वर्णनाची भाषा मजेशीर असते, क्रियापदांना तिथं प्रवेश नाही. ‘शिरोवक्ष पिवळसर तपकिरी, कडा गडद. उदर राखाडी. पाय फिकट.’ मी एका ठिकाणी शुक्रनळीचा वळसा सुंदर आहे असं लिहिलं होतं. सरांनी तो शब्द खोडला, समासात लिहिलं: ‘किती अंश?’

खरी मेहनत त्यानंतरच्या दोन वाक्यांना लागली, ही मादी बाकी सगळ्या माद्यांपासून नेमकी कशानं वेगळी हे सांगणाऱ्या. तीन वर्षांतलं सगळं त्या दोन वाक्यांत बसवायचं, आणि तेही असं की उद्या दुसरीच कुणी बाई फेब्रुवारीत बशीसमोर बसली तर तिला एका संध्याकाळी उत्तर मिळावं. मी ती वाक्यं अकरा वेळा लिहिली.

लेख सध्या परीक्षकांकडे आहे, म्हणून प्रजातीचं नाव इथं सांगत नाही. एका परीक्षकानं विचारलंय की कुपीतल्या एका चिठ्ठीवर कुठल्या लिपीत काय लिहिलंय. संग्रहाचा नियम असा की नवी चिठ्ठी टाकायची, पण जुनी कधीच काढायची नाही, ती चुकीची असली तरी. त्यामुळे शुद्ध नावाची छापील चिठ्ठी पुढे आणि पेन्सिलीतली मोहरी तिच्या मागे, दोघी एकाच अल्कोहोलमध्ये. परीक्षकाला मी अर्थ कळवला. आईलाही सांगितलं. तिनं विचारलं, “मग फोडणीला टाकलीस का?”